नव्वद दिवसांचे नातू

१ जानेवारी १९६०. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या वायव्येला, कापसाच्या शेतांमधून गेलेल्या रस्त्यावर मोटारींची लांबच लांब रांग लागली. पाहायला होतं तरी काय? नमुन्याची पाच घरं, एक छोटा बाजार, करमणूक केंद्र आणि गोल्फचं मैदान. डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाच्या माणसांनी धरलं होतं, की पहिल्या तीन दिवसांत दहा हजार लोक फिरकले तरी पुष्कळ झालं. आले एक लाखाच्या घरात. त्या तीन दिवसांत २३७ घरं विकली गेली. किंमत साडेआठ हजार डॉलरपासून पुढे. मात्र घरातलं निदान एक माणूस पन्नाशी गाठलेलं हवं आणि शाळेत जाणारं मूल घरात नको, अशी अट होती.

गावाचं नाव ठेवलं सन सिटी. तेही स्पर्धा घेऊन, लोकांकडून सूचना मागवून. म्हाताऱ्यांच्या वसाहतीचं नाव ठेवताना म्हातारपणाचा म सुद्धा येऊ द्यायचा नाही, हा या धंद्याचा पहिला नियम असावा. शेजारचं गाव तर आणखी एक पाऊल पुढे होतं. बेन श्लायफर या जमिनीच्या दलालाने १९५४ साली तिथे फक्त वयस्कांसाठी वस्ती वसवली आणि तिला चक्क ‘यंगटाऊन’ म्हटलं. पुढे पुण्यात परांजपे स्कीम्सने ज्येष्ठांसाठी घरं बांधली, तेव्हा ‘इतिश्री’ पुसून ‘अथश्री’ लिहिलं. वाकडी वाट तीच, फक्त संस्कृतातून गेलेली.

श्लायफर रशियातून आलेला ज्यू. न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृद्धाश्रमात तो ओळखीच्या माणसाला भेटायला गेला आणि तिथलं वातावरण पाहून हादरला, अशी यंगटाऊनच्या जन्माची कथा सांगतात. त्याला स्वस्त, साधी घरं हवी होती. आपलं आपण राहावं, शेजारी आपल्याच वयाचा असावा, एवढंच. डेल वेबचा पिंड वेगळा. सुतारकामापासून सुरुवात केलेला हा माणूस तोवर न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचा भागीदार मालक झाला होता आणि लास व्हेगासचं फ्लॅमिंगो हॉटेल त्याच्या कंपनीने बांधलेलं होतं. करमणूक विकायची कशी, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. घरं बांधायच्या आधी त्याने गोल्फचं मैदान तयार ठेवलं ते उगाच नाही.

जाणकारांनी त्याला सावध केलं होतं: म्हातारी माणसं लेकीसुनांपासून, नातवंडांपासून लांब वाळवंटात येऊन राहणार नाहीत. पण जाणकारांचा हिशेब जुन्या काळातला होता. १९३५ साली अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला, १९४० पासून दरमहा निवृत्तिवेतनाचे चेक येऊ लागले. कारखान्यांची पेन्शन वेगळी. हाती थोडा पैसा, अंगात बऱ्यापैकी ताकद आणि पुढे मोकळी दहा-पंधरा वर्षं असलेली माणसांची अख्खी पिढी पहिल्यांदाच तयार झाली होती. या वर्षांचं करायचं काय, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. वेबने सांगितलं: खेळा. १९६२ च्या ऑगस्टमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याला मुखपृष्ठावर घेतलं.

सुरुवातीची वर्षं खरोखरच झोकात गेली, आणि त्याचं कारण गोल्फपेक्षा साधं होतं. सगळेच नवे होते. आयोवाचा शेतकरी, शिकागोचा फोरमन, ओहायोची शिक्षिका; कुणाचीच कुणाशी जुनी ओळख नाही, त्यामुळे दार वाजवायला कुणी लाजत नव्हतं. शिवाय गाव नगरपालिकेविना चालायचं. आजही सन सिटीला स्वतःची नगरपालिका नाही. मग गस्त घालायला निवृत्त लोकांचंच स्वयंसेवक पथक उभं राहिलं, रस्त्याकडेचा कचरा उचलायला दुसरं. कामं होती, म्हणून गाठीभेटी होत्या.

दुखणं आलं ते शाळेच्या निमित्ताने. सन सिटी शेजारच्या पिओरिया गावाच्या शाळा जिल्ह्यात येत होती, म्हणजे शाळांसाठी कर्जरोखे काढायचे तर सन सिटीच्या मतदारांची संमती लागे. १९६२ ते १९७४ या काळात असे सतरा प्रस्ताव पडले. पिओरियातली पोरं गर्दीच्या वर्गात बसत राहिली, आणि शेवटी सन सिटीलाच शाळा जिल्ह्यातून वगळण्यात आलं. एकेकट्या माणसाला विचारलं असतं तर त्याने आपल्या नातवाचा फोटोच खिशातून काढून दाखवला असता. पण गावात मूल नाही, शाळेची घंटा नाही, आणि हातात मतपत्रिका आहे, अशा स्थितीत समोरच्या गावातली मुलं ही कराच्या पावतीवरची एक रक्कम होऊन बसतात. पाहुण्या नातवंडांसाठीही नियम ठरला: एकोणीस वर्षांखालच्यांनी वर्षाकाठी नव्वद दिवसांहून जास्त राहायचं नाही. आजोळची अख्खी सुट्टी भोगलेल्या आपल्या वाचकांना नव्वद दिवस कमी वाटणार नाहीत. पण ते मोजायचे असतात, ही गोष्टच आजोळाला न शोभणारी आहे.

१९७० साली सन सिटीत बॉस्वेल रुग्णालय सुरू झालं. गोल्फच्या मैदानानंतर दहा वर्षांनी. पहिली खेप एकत्र आली होती, तशीच ती एकत्र म्हातारी होत गेली. साधारण एकाच वयाच्या शेजाऱ्यांची हीच अडचण. सगळ्यांचे गुडघे एका सुमाराला दुखू लागतात, सगळ्यांचं गाडी चालवणं एका सुमाराला बंद होतं, आणि धावून येणारा शेजारीही काठी टेकतच येतो. जोडप्याजोडप्यांनी जमलेल्या ब्रिजच्या डावात तीनच उरले की चौथ्याच्या पानांचं काय करायचं, हा प्रश्न सन सिटीच्या जाहिरातीत नव्हता.

समाजशास्त्रज्ञ जेरी जेकब्स यांनी कॅलिफोर्नियातल्या अशाच एका वसाहतीचा अभ्यास करून १९७४ साली ‘फन सिटी’ हे पुस्तक लिहिलं. नाव अर्थातच बदललेलं, आणि उपरोधाने ठेवलेलं. क्लब पुष्कळ, पण त्यांत येणारे थोडे आणि तेच ते. बाकीचे घरात, रस्ते दिवसाढवळ्या सुनसान, असं चित्र त्यांनी नोंदवलं. आदल्याच वर्षी आर्ली हॉकशील्ड यांचं ‘द अनएक्स्पेक्टेड कम्युनिटी’ आलं होतं. त्यात गोल्फ वगैरे काही नाही. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या सरकारी इमारतीत राहणारे ४३ वृद्ध, बहुतेक विधवा, हात राखून खर्च करणाऱ्या. पण तिथे बायका एकमेकींवर नजर ठेवून असत. सकाळी उशिरापर्यंत खिडकीचा पडदा बंद दिसला, की शेजारीण चौकशीला हजर. चाळीत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. भोचकपणाची कटकटही झालीच असेल. पण फन सिटीतल्या नीटनेटक्या, झाडलोट केलेल्या शांततेत अशी कटकट करणारं कुणी नव्हतं.

पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेऊन अमेरिकेत गेलेले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. दिलीप जेस्ते यांच्या सॅन दिएगोच्या चमूने २०२० मध्ये असाच एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्येष्ठांच्या एका निवासी वसाहतीत, स्वतःचं स्वतः सांभाळून राहणाऱ्या ६७ ते ९२ वयाच्या तीस जणांशी ते बोलले. त्यातल्या ८५ टक्क्यांचा एकटेपणा मध्यम किंवा तीव्र निघाला. माणसं भोवती होती, कार्यक्रमही होते. जोडीदार गेला, मित्र गेले, नवी ओळख जोडायची हातोटी राहिली नाही, असं ही माणसं सांगत होती. तीसच जणांचा अभ्यास, त्यावर फार इमारत चढवू नये. पण १९६० च्या त्या रांगेत मोटार घेऊन उभ्या राहिलेल्यांना विकलं गेलं होतं ते नेमकं हेच, की इथे आलात तर सोबतीची ददात पडणार नाही.

यंगटाऊनचा शेवट निराळा झाला. नव्वदच्या दशकात तिथे एक किशोरवयीन नातू आजी-आजोबांकडे आसऱ्याला आला. गावाने नियमावर बोट ठेवलं, प्रकरण राज्य सरकारपर्यंत गेलं, आणि १९९८ मध्ये गावाची वयाची अटच गेली. आता तिथे शाळकरी मुलं राहतात. सन सिटीत वयाची अट आजही आहे. लोकवस्ती चाळीस हजारांच्या आसपास, क्लब शंभराहून जास्त, आणि रस्त्यांवर मोटारींच्या बरोबरीने गोल्फच्या बॅटरीगाड्या. पहिल्या पाच नमुना घरांपैकी एकात आता संग्रहालय आहे. १९६० चं स्वयंपाकघर, तेव्हाची जाहिरातपत्रकं, डेल वेबचे फोटो. पाहायला येणाऱ्यांना वयाची अट नाही.