नावाचा सौदा

सन २००४ च्या जानेवारी महिन्यात कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातला १७ वर्षांचा एक विद्यार्थी जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. त्याचे नाव माइक रो. शाळा सांभाळून तो संकेतस्थळे तयार करून देण्याचा लहानसा उद्योग करीत असे. आपल्या नावापुढे ‘सॉफ्ट’ जोडून त्याने ‘माइकरोसॉफ्ट डॉट कॉम’ हा पत्ता नोंदवला. मोठ्याने उच्चारला की एका बलाढ्य सॉफ्टवेअर कंपनीचे नाव कानावर पडते, एवढीच त्यातली गंमत. मायक्रोसॉफ्टच्या वकिलांनी ‘नाव सोडून द्या’ असे कळवले. मुलाने मोबदला विचारला. कंपनीने देऊ केले १० डॉलर, म्हणजे नोंदणीचा खर्च. मुलगा चिडला आणि त्याने १०,००० डॉलर मागितले. उत्तरादाखल घरी आले ते २५ पानांचे पत्र. तुम्ही एवढी रक्कम मागता, त्या अर्थी पैसे उकळण्यासाठीच हे नाव घेतले, असा त्याचा रोख होता. लोकमत मुलाच्या बाजूने उभे राहिले, कंपनीनेही नमते घेतले आणि खेळाचे एक यंत्र, थोडे प्रशिक्षण असे देऊन प्रकरण मिटले.

घर विकणारा किंमत सांगतो, बैल विकणारा सांगतो. त्याला कोणी लबाड म्हणत नाही. मग इंटरनेटवरच्या नावाची किंमत सांगणे हाच पुरावा कसा ठरू लागला? हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जायला हवे.

संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे आली. सुरुवातीला सगळ्या नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत ठेवलेली असे. यंत्रे वाढली तशी ती यादी पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस या संशोधकाने आज आपण वापरतो ती डोमेन नावांची पद्धत रचली. १५ मार्च १९८५ रोजी ‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’ हे ‘डॉट कॉम’मधले पहिले नाव नोंदले गेले. पुढची दहा वर्षे ही नोंदणी फुकट होती. १९९५ च्या सप्टेंबरपासून दोन वर्षांसाठी १०० डॉलर आकारले जाऊ लागले. नियम एकच, जो आधी येईल त्याला मिळेल. तुम्ही कोण, या नावाशी तुमचा संबंध काय, असे कोणी विचारीत नसे. पडीक माळावर शहर वसणार आहे हे ज्यांनी ओळखले, त्यांनी खुंट्या रोवून घेतल्या. ज्यांचे शहर व्हायचे होते, त्या कंपन्या मात्र झोपेत होत्या.

याचा गमतीदार दाखला १९९४ मध्ये मिळाला. जोशुआ क्विट्नर या अमेरिकन पत्रकाराने मॅक्डोनाल्ड्स या कंपनीला आधी विचारले, ‘तुमच्या नावाचा पत्ता तुम्ही नोंदवला आहे का?’ तिथे कोणाला नीट काही सांगता आले नाही. मग त्याने तो स्वतःच्या नावावर घेतला आणि त्यावर लेख लिहिला. कंपनी जागी झाली. क्विट्नरने पैसे न मागता न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका सरकारी शाळेला इंटरनेटची सोय करून द्या, असे सांगितले. कंपनीने ३,५०० डॉलर खर्चले आणि नाव मिळवले.

पण सगळेच क्विट्नर नव्हते. इलिनॉय राज्यातल्या डेनिस टोपेन नावाच्या गृहस्थाने शंभरावर नावे नोंदवली. त्यांत विमान कंपन्या होत्या, मोठी दुकाने होती आणि सिनेमाचे कॅमेरे बनवणारी पॅनाव्हिजन ही कंपनीही होती. पॅनाव्हिजनने विचारणा केली, तेव्हा त्याने १३,००० डॉलर मागितले. त्या पत्त्यावर त्याने काय ठेवले होते? इलिनॉयमधल्या ‘पाना’ नावाच्या गावाची छायाचित्रे! म्हणजे हे ‘पाना’चे ‘व्हिजन’. कंपनीने पैसे दिले नाहीत, ती न्यायालयात गेली. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की, दुसऱ्याची नाममुद्रा अडवून ती त्यालाच विकणे हाच या माणसाचा धंदा आहे. गावाची छायाचित्रे त्याच्या कामी आली नाहीत.

आपल्याकडेही हे लोण लगेच पोचले. १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘याहू इंडिया डॉट कॉम’ वापरण्यास मनाई केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयासमोर ‘रेडिफ’ विरुद्ध ‘रॅडिफ’ असा सामना झाला. एका अक्षराच्या फेरफाराने लोकांची फसगत होते, असे म्हणून न्यायालयाने ‘रेडिफ’ची बाजू घेतली. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, डोमेन नाव हा नुसता पत्ता नाही. दुकानाच्या पाटीसारखी ती व्यवसायाची ओळख आहे आणि नाममुद्रेचा न्याय तिलाही लागू होतो.

१९९९ हे या इतिहासातले वळणाचे वर्ष. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने त्या वर्षी तंटे सोडवण्याची एक जागतिक पद्धत ठरवली. न्यायालयात न जाता लवादासमोर तक्रार करायची, कागदपत्रे द्यायची. लवादाला पटले तर नाव तक्रारदाराकडे जाते. नुकसानभरपाई नाही, दंड नाही. पण लबाडी कशी ओळखायची? नियमात पहिलेच लक्षण दिले आहे. नाममुद्रेच्या मालकाला, किंवा त्याच्या प्रतिस्पर्ध्याला, प्रत्यक्ष खर्चाहून जास्त रकमेला विकावे याच मुख्य हेतूने नाव नोंदवलेले असणे. या पद्धतीतला पहिला खटला कुस्तीचा! कॅलिफोर्नियातल्या एका गृहस्थाने ‘वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन डॉट कॉम’ हे नाव घेतले आणि तीनच दिवसांत त्या संस्थेला कळवले, ‘१,००० डॉलरला घ्या.’ जानेवारी २००० मध्ये लवादाने ते नाव काढून संस्थेला दिले. रक्कम लहान होती, पण पत्र कोणी कोणाला आणि किती लवकर लिहिले, यावर सगळे ठरले.

माइक रोला मिळालेल्या त्या २५ पानांचे मूळ इथे सापडते. १० डॉलर हा कंपनीचा कद्रूपणा नव्हता, तो नियमातला ‘प्रत्यक्ष खर्च’ होता. आणि १०,००० चा आकडा मुलाने रागाच्या भरात लिहून दिला, तो थेट पुराव्याच्या फाइलीत जाऊन बसला. प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘पेटा’ या संस्थेच्या नावाबाबतही असेच झाले. ते नाव घेऊन थट्टा करणाऱ्या माणसाने, त्यांना नाव हवे असेल तर त्यांनी प्रस्ताव द्यावा, अशा अर्थाचे बोलून दाखवले होते. २००१ मध्ये अपील न्यायालयाने तेही त्याच्या विरुद्ध धरले.

याचा अर्थ नाव विकणे हेच गैर, असा कोणी घेऊ नये. शब्दकोशातला साधा शब्द कोणाच्याही मालकीचा नसतो. अमेरिकेतल्या मार्क ऑस्ट्रॉफ्स्की यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यावर ‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव दीड लाख डॉलरला घेतले, तेव्हा तो वेडेपणा वाटला असेल. १९९९ मध्ये त्यांनी ते ७५ लाख डॉलरला विकले. त्यावर कोणी खटला भरला नाही, कारण कोणाचे नाव अडवले गेलेच नव्हते. पण विकायचे तर मुळात ही मालमत्ता आहे का, हाही प्रश्नच होता. गॅरी क्रेमेन यांचे एक अतिशय मोलाचे नाव १९९५ मध्ये एका भामट्याने बनावट पत्राच्या आधारे आपल्या नावावर करून घेतले. त्या प्रकरणात २००३ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने डोमेन नाव ही मालमत्ताच आहे असे मानले. मात्र हा सातबारा दरवर्षी किंवा ठरावीक मुदतीने पैसे भरून नवा करावा लागतो. मुदत चुकली की जमीन दुसऱ्याची.

ज्याचा हक्क स्वच्छ असतो, त्याच्याशी कंपनीला खरोखरच सौदा करावा लागतो. ‘अल्टाव्हिस्टा’ हे शोधयंत्र ज्यांना आठवत असेल, त्यांना हेही आठवेल की त्याचा मूळ पत्ता लांबलचक होता. ‘अल्टाव्हिस्टा डॉट कॉम’ हे सुटसुटीत नाव कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कंपनीकडे होते आणि ती शोधयंत्राच्याही आधीची होती. डिजिटल या मोठ्या कंपनीने तिच्याशी करार केला, मग खटलाही लढवला. अखेर डिजिटल विकत घेणाऱ्या कॉम्पॅकने १९९८ मध्ये सुमारे ३३ लाख डॉलर मोजले. अडला हरी म्हणतात तो असा. नावाची किंमत अक्षरांत नसते, ती घेणाऱ्याच्या निकडीत असते.

उलट उदाहरण उझी निस्सान यांचे. हे त्यांचे आडनाव. अमेरिकेत त्यांचा संगणकाचा व्यवसाय होता आणि १९९४ मध्ये त्यांनी ‘निस्सान डॉट कॉम’ नोंदवले. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये मोटार कंपनीशी त्यांची बोलणी झाली, ती फिसकटली आणि डिसेंबरमध्ये कंपनीने एक कोटी डॉलरचा दावा लावला. कोर्टबाजी वर्षानुवर्षे चालली. त्या पत्त्यावर मोटारींच्या जाहिराती करू नयेत असे बंधन त्यांच्यावर आले, पण नाव त्यांच्याकडेच राहिले. २०२० मध्ये ते वारले, तोवर ते कंपनीला मिळालेले नव्हते. नाव राखण्याचीही किंमत मोजावी लागते, ती अशी.

आपल्याकडच्या बैलबाजारात व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटे दाबतात आणि भाव ठरतो; शेजारच्याला कळत नाही. नावांच्या बाजारातही असा रुमाल आहे. मोठी कंपनी स्वतः पुढे येत नाही, दलालाकरवी विचारते. खरेदीदाराचे नाव कळले की आकड्यापुढे शून्ये वाढतात, हे तिला पक्के ठाऊक असते. भाव ठरला की पैसे त्रयस्थाकडे ठेवतात. विकणारा नाव हस्तांतराची गुप्त खूण देतो, नाव नव्या खात्यात पोचल्याची खात्री होते आणि मग त्रयस्थ पैसे मोकळे करतो. ‘आधी पैसे की आधी नाव’ हे भांडण असे मिटते.

त्यामुळे बहुतेक सौद्यांचे आकडे बाहेर येत नाहीत. येतात ते अपघाताने. फेसबुकने २००५ मध्ये ‘फेसबुक डॉट कॉम’ दोन लाख डॉलरला घेतले. पुढे तिला ‘एफबी डॉट कॉम’ हवे झाले. ते होते अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या एका जुन्या संघटनेकडे, कारण ‘फार्म ब्युरो’ची अद्याक्षरे तीच. २०१० मध्ये सौदा झाला आणि ८५ लाख डॉलर मिळाल्याचे संघटनेने आपल्या वार्षिक सभेत सांगितले, म्हणून जगाला कळले. शेतकऱ्यांच्या संघटनेने ‘ऑर्ग’ने संपणाऱ्या पत्त्यावर बस्तान हलवले आणि तिचे काही अडले नाही. टेस्ला या मोटार कंपनीने ‘टेस्ला डॉट कॉम’ २०१६ मध्ये वापरात आणले. त्यासाठी दहा वर्षांहून अधिक काळ आणि १ कोटी १० लाख डॉलर लागले, असे एलॉन मस्क यांनी नंतर सांगितले. २०१९ मध्ये ‘व्हॉइस डॉट कॉम’ ३ कोटी डॉलरला गेले. विकणारी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्याने तिला हे जाहीर करावे लागले.

या कथा वाचून एखाद्या तरुणाला मोह होणे स्वाभाविक आहे. २०२३ मध्ये दोन मनोरंजन सेवा एकत्र येणार अशी चर्चा असताना दिल्लीतल्या एका ॲप बनवणाऱ्या तरुणाने ‘जिओहॉटस्टार डॉट कॉम’ घेऊन ठेवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने त्याच पानावर जाहीर पत्र लिहिले, ‘केंब्रिजमधल्या माझ्या शिक्षणाचा खर्च द्या आणि नाव घ्या.’ कंपनीने नकार दिल्याचे त्यानेच पुढे कळवले. नाव दुबईतल्या एका भावाबहिणीकडे गेले आणि त्यांनी ते कंपनीला विनामूल्य देऊ केले. त्या तरुणाची शिकण्याची इच्छा खरी असेल. पण जोडलेली दोन्ही नावे दुसऱ्याची होती आणि ती का जोडली हे त्याने स्वतःच लिहून ठेवले होते.

मला या सगळ्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. वाटाघाट आपण पत्र लिहितो तेव्हा सुरू होत नाही. नाव नोंदवतो त्या दिवशीच ती निम्मी ठरून गेलेली असते. कंपनीच्या नावाआधी तुमचे नाव होते का? त्याचा तुम्ही खरा वापर केला का? भावाची गोष्ट पहिल्यांदा कोणी काढली? या तीन प्रश्नांची उत्तरे तुमच्या बाजूची असतील, तर समोर कितीही मोठी कंपनी असो, निवांतपणे किंमत सांगता येते आणि ‘विकायचे नाही’ असेही म्हणता येते. शिवाय हक्क नसताना लवादाचा धाक दाखवून नाव लाटू पाहणाऱ्या कंपनीवर तशी नोंद करण्याची तरतूद त्याच नियमांत आहे. उत्तरे उलट असतील, तर १,००० डॉलरही महाग पडतात.

२७ ऑगस्ट २०१४ पासून ‘डॉट भारत’ हे देवनागरीतले शेपूट मिळू लागले. आपल्या दुकानाचे, संस्थेचे, गावातल्या वाचनालयाचे नाव आपल्या लिपीत नोंदवता येते. ज्यांचे ते नाव आहे त्यांनीच ते वेळेवर नोंदवावे आणि मुदत संपण्याआधी दरवेळी नवे करून घ्यावे. तेवढे केले की पुढे कधी कोणाचे पत्र आलेच, तर ते शांतपणे वाचता येईल.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)