एअर इंडिया

एअर इंडिया : मुंबईत वाढलेली भारताची राष्ट्रीय विमान कंपनी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पुस मॉथ जातीचे लहान विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणले. त्यात उतारू नव्हते, टपाल होते. टाटांची ही विमानसेवा १९४६ मध्ये सार्वजनिक कंपनी झाली. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनीव्हामार्गे लंडनला झेपावले. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन परदेशी सेवा हिच्याकडे, तर देशांतर्गत सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आली. टाटा १९७८ पर्यंत अध्यक्ष राहिले. आदरातिथ्याचा जो लौकिक कंपनीने मिळवला, तो मुख्यतः त्यांच्या बारीक देखरेखीमुळे. बोइंग ७०७ विमाने १९६० पासून ताफ्यात आली आणि कंपनीचे बोधचिन्ह असलेला ‘महाराजा’ जगभर ओळखीचा झाला. २००७ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र आल्या; कर्जाचा बोजा मात्र वाढत गेला. २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी पुन्हा टाटा समूहाकडे गेली.

नाशिकला मात्र विमानसेवेच्या या वाढीचा वाटा फार उशिरा मिळाला, ही उणीवच म्हटली पाहिजे. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून असून तेथे मिग विमाने घडली, पण प्रवासी टर्मिनल २०१४ मध्ये झाले. पुढे एअर इंडियाची तत्कालीन उपकंपनी अलायन्स एअरने नाशिक हे अहमदाबाद व हैदराबादशी जोडले. विक्रीत अलायन्स एअर टाटांकडे गेली नाही; ती सरकारकडेच राहिली.