न तपासलेले म्हणजे निर्दोष नव्हे

प्रगतिपुस्तकात एखाद्या विषयापुढील गुणांची जागा कोरी असेल, तर विद्यार्थी उत्तीर्ण की अनुत्तीर्ण? दोन्ही नाही, त्याची परीक्षाच झालेली नाही. हा साधा भेद मोटारीच्या तपासणीत उतरायला अर्धे शतक लागले. ती हकीकत पाहू.

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिस शहर डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याने झाकले गेले. युद्धकाळ असल्याने काहींना शत्रूच्या विषारी वायूची शंका आली. पुढे, अननसाच्या स्वादाचा अभ्यास करणाऱ्या आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास खरे कारण शोधले. मोटारी व तेलकारखाने यांतून निघणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यात सूर्यप्रकाशामुळे रासायनिक क्रिया होऊन ओझोन तयार होत होता.

मग मोटारीचा धूर मोजायचा कसा? उभ्या गाडीचा धूर आणि धावत्या गाडीचा धूर सारखा नसतो. म्हणून त्याच शहरातील रोजच्या प्रवासावरून, थांबणे, वेग घेणे, पुन्हा थांबणे अशा क्रमाचे एक प्रमाणित 'चालन-चक्र' ठरवले गेले. त्याचा काळ १३७२ सेकंद व अंतर सुमारे १२ किलोमीटर. प्रयोगशाळेत गाडीची चाके रोलरवर फिरवून ते पूर्ण करतात. १९७२ च्या गाड्यांपासून अमेरिकेत ही चाचणी लागू झाली.

परंतु ही परीक्षा नव्या नमुन्याची. पाच वर्षांनी रस्त्यावरच्या गाडीतील उत्प्रेरक निकामी झाला तर कळणार कसे? त्यासाठी १९९६ च्या गाड्यांपासून अमेरिकेत 'ओबीडी-२' ही अंतर्गत तपासणी सक्तीची झाली. गाडीतील संगणक स्वतःच चाचण्या घेतो. उत्प्रेरकाच्या आधी व नंतर प्राणवायू मोजणारे संवेदक असतात. उत्प्रेरक प्राणवायू साठवत असल्याने तो चांगला असेल, तर नंतरच्या संवेदकाची नोंद बरीच स्थिर राहते. इंधनाच्या वाफेची गळती तपासायला इंजिन थंड हवे, टाकी फार भरलेली किंवा रिकामी नको. म्हणून थंड अवस्थेत सुरुवात, काही वेळ जागेवर, मग एकसारखा वेग, मग ब्रेक न लावता वेग उतरू देणे, असे चक्र पुरे झाल्यावरच सर्व चाचण्या होतात.

याचे मर्म लबाडीच्या वेळी कळते. तपासणीच्या तोंडावर दोषाची नोंद पुसली, तर झालेल्या चाचण्यांच्या खुणाही पुसल्या जातात. गाडी 'दोष नाही' असे दाखवते खरी, पण सोबत 'चाचणी अपूर्ण' असेही सांगते. अशा अपूर्ण चाचण्या मर्यादेपेक्षा अधिक असल्या, तर गाडी परत पाठवली जाते.

तरीही परीक्षेचा क्रम आधीच ठाऊक असला की पळवाट उरतेच. २०१५ मध्ये फोक्सवागनच्या डिझेल गाड्यांतील आज्ञावली प्रयोगशाळेतील चाचणी ओळखून तेवढ्यापुरतीच नीट वागते, हे उघडकीस आले. रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या ४० पटींपर्यंत निघत होती. त्यानंतर युरोपात २०१७ पासून आणि भारतात एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींची प्रत्यक्ष रस्त्यावरही चाचणी होऊ लागली. आपली नेहमीची पी.यू.सी. तपासणी मात्र उभ्या गाडीचीच होते.

'दोष आढळला नाही' असे कोणी म्हणाले, की 'शोधला होता का?' हा पुढचा प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लागली पाहिजे.