एन्नियनचा पेला, प्रभाकरचा कंदील

रोममध्ये काचेचा पेला एका तांब्याच्या नाण्यात मिळतो, असं स्ट्रॅबो लिहितो. त्याआधी काच म्हणजे धनिकांची चैन. हा बदल फुंकनळीचा. टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, साच्यात धरून फुंकायचा. पहिल्या शतकातल्या एन्नियन नावाच्या कारागिराने तर साच्यातच स्वतःचं नाव कोरलं. त्याचे पेले आजही नावानिशी ओळखले जातात.

कंदिलाच्या काचेलाही हीच युक्ती. कराडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानात, ओगले बंधूंनी १९१६ साली काच कारखाना काढला. तीच ओगलेवाडी. त्यांचा 'प्रभाकर' कंदील गाजला. प्रभाकर म्हणजे सूर्य, आणि ओगल्यांच्या वडिलांचं नावही. सातारा-सांगलीकडे एखाद्या माळ्यावर तो अजून सापडेल. काच पुसून बघा. फुंकणाऱ्याचं नाव तिच्यावर नसतं.