सांधा आधी चढाकडे

बहरीनमध्ये आजवर रेल्वे धावलेली नाही. समुद्रापलीकडे दम्माम-रियाध लाईन १९५१ मध्ये सुरू झाली. पण त्या किनाऱ्याला जोडणारा, १९८६ मध्ये खुला झालेला २५ किलोमीटरचा कॉजवे नुसता मोटारींचा. तरी गाड्या चालवण्याच्या नियमांविषयी मला जे समजतं, ते बहुतेक सगळं मी मनामात, बाब अल बहरीनसमोर बसून ऐकलं. चार्ल्स बेलग्रेव्ह यांनी आखलेली ही कमान १९४९ मध्ये पुरी झाली. तेव्हा समुद्र अगदी जवळ होता, पुढे भराव घालून तो लांब सारला. माझे सासरे अण्णा निवृत्त सेक्शन कंट्रोलर. आमच्याकडे राहायला आले, की संध्याकाळी देवळात श्रीनाथजींचं दर्शन घेऊन तिथे टेकायचे आणि बोलायला लागायचे.

नोकरीची सुरुवात त्यांनी मिरज लाईनवर असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून केली. लाईन तेव्हा मीटरगेज आणि एकेरी. दोन स्टेशनांच्या मधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी, हा मूळ नियम. तो पाळला जाण्यासाठी दोन्ही टोकांना विजेने जोडलेली यंत्रं असत. समोरच्या मास्तरने लाईन क्लिअर दिल्याशिवाय यंत्रातून लोखंडी गोळा निघत नसे, आणि तो कुठल्याही एका टोकाला परत आत पडेपर्यंत दुसरा बाहेर येत नसे. गोळा चामडी पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला, आणि कडं चालत्या इंजिनातल्या माणसाच्या दंडात. “पण पिशवी उघडून गोळ्यावरची स्टेशनांची नावं वाचायचीच,” अण्णा सांगत. “मास्तर ओळखीचा असला तरी. ओळखीवर गाडी सोडायची नाही.”

फोनवरच्या शब्दावरही ते विश्वास टाकत नसत. गेटमनने फाटक लावल्याचं कळवताना आपल्याजवळच्या कागदावरचा प्रायव्हेट नंबर द्यायचा, मास्तरने तो वहीत टिपायचा. दोन आकडी, क्रम न लावलेला, एकदा वापरला की खोडलेला. झोपेतला माणूस “हो, हो, लावलं” म्हणू शकतो. नंबर मात्र कागद बघितल्याशिवाय देता येत नाही. माणूस थकतो हे धरूनच हा नियम केलाय. मला त्यात मोठी माया दिसते.

घाटाच्या गोष्टी अण्णांच्याही वडिलांच्या. ते ठाकूरवाडीच्या केबिनवर सांधेवाले होते. बोरघाटातली लाईन १८६३ मध्ये सुरू झाली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ठेका पुढे चालवला. ऐन भरात ४२ हजार मजूर डोंगर फोडत होते. ३७ फुटांमागे १ फूट चढ. वाटेत गाडीची दिशा उलटी करावी लागे, ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ पर्यंत होतं. पुस्तकांत बोगद्यांचे आकडे सापडतात. सांधेवाल्याची रात्र अण्णांच्या तोंडूनच ऐकावी.

घाट उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा आधीच कॅच सायडिंगकडे लावलेला असतो, म्हणजे डोंगराच्या बाजूला चढत जाणाऱ्या आडलाईनीकडे. ब्रेक सुटलेली गाडी आपोआप त्या चढावर जाऊन अडकते. शहाणी गाडी सांध्याआधी पूर्ण थांबते, आपण ताब्यात आहोत हे दाखवते, मगच सांधा मुख्य लाईनला फिरतो. अण्णांचे वडील चाकं थांबलेली डोळ्यांनी बघत. धो धो पावसात इंजिनाच्या आवाजावरून अंदाज बांधणं त्यांना मंजूर नव्हतं. सिग्नलचंही तेच: तार तुटली तर हाताला लावलेलं वजन त्याला आडवं करतं, आणि आडवा हात म्हणजे थांबा. बिघाडाचा अर्थ आधीच ठरलेला.

झेंडी नसेल तर? दोन्ही हात डोक्यावर उंच करायचे. माझ्या मुलाला हे शिकवताना अण्णा त्या चौकात खरोखरच तसे उभे राहिले, कोपर जराही न वाकवता, ड्रायव्हरला लांबून दिसेल असे. बाजूने जाणारा एक बहरीनी म्हातारा चालता चालता थबकला, तर अण्णांनी त्याला हसून सलाम केला.

त्यांच्या मनगटावर शेवटपर्यंत भारतातली वेळ असायची. इथे दुपारी दीड वाजला की ते घड्याळ तपासत, कारण तिकडे चार वाजलेले असतात आणि चारला सगळ्या मोठ्या स्टेशनांना प्रमाणवेळ कळवायची, असा नियम. कंट्रोलरच्या तक्त्यावरही वेळच: ती आडवी, स्टेशनं उभी, आणि प्रत्येक गाडीची एक रेघ. गाडी उभी राहिली की तिची रेघ आडवी होते. आता हे तक्ते कॉम्प्युटरवर आले, गोळ्यांची यंत्रंही बहुतेक गेली. आखाती देशांना जोडणाऱ्या रेल्वेचा आराखडा झालाय, बहरीनसाठी दुसरा कॉजवेही त्यात आहे. गाडी आली, तर इथले कंट्रोलर नियमपुस्तक वाचून तयार होतील. नियम कोणत्या रात्रीमुळे झाला, हे त्यांना सांगणारी माणसं मात्र कर्जतला, मिरजेला, पुण्यात आज ऐंशीच्या घरात आहेत. मुलाने अण्णांचं बोलणं फोनवर टिपून ठेवलंय. ठाकूरवाडीचा भाग अजून उतरवून घ्यायचा राहिलाय. पावसाळ्यात गावी जाऊ, तेव्हा कर्जतच्या काकांकडून त्यातल्या केबिनांची नावं पडताळून घेणार आहोत.