दुसऱ्या लाटेचे कोडे

जुलै 2020 मध्ये माटुंगा, चेंबूर व दहिसर या मुंबईच्या तीन प्रभागांतील 6,936 रहिवाशांचे रक्त तपासण्यात आले. झोपडवस्तीत शेकडा 57 जणांच्या रक्तात कोरोनाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. इमारतींत हे प्रमाण शेकडा 16 होते. साथ बरीचशी येऊन गेली, आता ती ओसरणार, असे अनुमान त्यावरून अनेकांनी काढले. ते अगदीच निराधार नव्हते. राज्यात 11 सप्टेंबरला 24,886 नवे रुग्ण नोंदले गेले आणि तेथून आकडे खाली उतरले.

परंतु फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावतीत रुग्ण वाढू लागले व 22 तारखेस तेथे टाळेबंदी आली. 18 एप्रिलला राज्याचा आकडा 68,631 वर गेला. या लाटेत जे रूप प्रबळ ठरले, त्याला जागतिक आरोग्य संघटनेने 31 मे रोजी ‘डेल्टा’ असे नाव दिले.

प्रतिपिंड विषाणूच्या अंगावरील काट्याला चिकटून पेशीचे दार अडविते. काट्याची घडण किंचित बदलली की ही पकड सैल पडते. डेल्टाच्या काट्यात 452 व्या स्थानी असा बदल होता. 681 व्या स्थानावरील बदलाने पेशीतील शिरकाव सुलभ झाला. जुन्या प्रतिकाराला थोडा चकवा आणि प्रसाराचा विलक्षण वेग, अशी ही जोड होती. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. शहराचा प्रतिकार सरासरीने मोजता येत नाही. 2021 च्या आरंभी मुंबईतील बहुतांश नवे रुग्ण इमारतींतील होते. म्हणजे शेकडा 16 चा आकडा शेकडा 57 इतकाच बोलका होता, पण त्याकडे पाहिले कोणी?

त्याच वर्षाच्या डिसेंबरात डोंबिवलीत, पाठोपाठ जयपुरात ‘ओमिक्रॉन’ सापडला. त्याच्या काट्यात तीसहून अधिक बदल होते. चकवा हेच त्याचे मुख्य बळ. मुंबईत एप्रिल 2021 मध्ये दिवसाला सुमारे 11,000 रुग्णांचा उच्चांक झाला होता. 7 जानेवारी 2022 रोजी 20,971 रुग्ण नोंदले गेले. मृत्यू मात्र पुष्कळच कमी झाले. लसीकरण तोवर दूरवर पोहोचले होते, आणि प्रतिपिंडे चकली तरी रक्तातील ‘टी’ पेशी विषाणूचे न बदललेले अंश ओळखत होत्या.