बाकरगंज ईशान्य : एका जागेचा इतिहास

आपल्या सभांत घटना समिती हा शब्द रोज येतो. बाबासाहेब त्या समितीत पहिल्यांदा कुठून निवडून गेले, असं एखाद्या पोराला विचारा. तो मुंबई म्हणेल. दुसरा जरा वाचलेला असला तर बंगाल म्हणेल. पण बंगालमध्ये कुणाच्या बळावर, हे विचारलं की दोघंही गप्प. म्हणून हा लेख. तो एका मतदारसंघाबद्दल आहे. हा मतदारसंघ आज नकाशावर नाही. तो जेमतेम दहा वर्षं जगला. पण त्याच्याशी आपला हिशोब आहे.

बाकरगंज हा बंगालच्या दक्षिणेकडचा जिल्हा. मुख्य गाव बारिसाल. सगळीकडं नद्या, खाड्या, भातशेती. पावसाळ्यात एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायचं तर होडीच लागते. ही शेती कसणारे मुसलमान आणि नमोशूद्र. जमीन बहुतेक सवर्ण जमीनदारांची. नमोशूद्रांना आधी सरकारी कागदातसुद्धा चांडाल म्हणत. 1911 च्या शिरगणतीत त्या जागी नमोशूद्र हे नाव आलं. ते कुणी दान म्हणून दिलं नाही. 1872-73 साली फरीदपूर-बाकरगंज भागात एका नमोशूद्राच्या घरच्या श्राद्धाच्या जेवणाला सवर्णांनी यायला नकार दिला, तेव्हा या लोकांनी सवर्णांची कामंच बंद केली. काही महिने तो बहिष्कार चालला. शेवटी पोटानं मोडला. पण माणूस एकदा ताठ उभा राहिला की पुन्हा पहिल्यासारखा वाकत नाही. हरिचांद ठाकूर आणि त्यांचे पुत्र गुरुचांद ठाकूर यांनी मतुआ पंथातून त्याच लोकांना शाळेकडं वळवलं. 1905 ला बारिसालमध्ये स्वदेशीचा डंका वाजला, पुढारी होते अश्विनीकुमार दत्त. नमोशूद्र बहुसंख्येनं त्या चळवळीपासून लांब राहिले. ज्यानं आपल्याला ओसरीवर बसू दिलं नाही त्याच्या सांगण्यावरून महागडं कापड का घ्यायचं, हा साधा सवाल होता.

आता मतदारसंघाकडं येऊ. 24 सप्टेंबर 1932 ला पुणे करार झाला. सगळ्या प्रांतांत मिळून 148 राखीव जागा ठरल्या, त्यातल्या 30 बंगालला. पण मतदार संयुक्त. 1935 च्या कायद्यानं बंगाल विधानसभेत 250 जागा झाल्या. मुसलमानांना 117, 'सर्वसाधारण' 78, आणि आपल्या 30 या 78 मध्येच. सर्वसाधारण म्हणजे सगळ्यांची, असं समजू नका. सवर्ण हिंदू आणि दलित यांची एकत्र यादी, तिचं हे नाव. राखीव जागा असे तिथं बहुधा दोन आमदारांचा जोड मतदारसंघ असे, एक जागा खुली आणि एक राखीव. राखीव जागेवर आधी फक्त दलितांचं मतदान होऊन चार जण निवडायचे, आणि त्या चारांतून कोण जाणार ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. म्हणजे पहिलं पान आपण वाढायचं आणि शेवटचा घास त्यांनी ठरवायचा.

बाकरगंज जिल्ह्याच्या सर्वसाधारण यादीचे दोन ग्रामीण मतदारसंघ झाले. नैर्ऋत्येचा जोड, त्यात एक जागा राखीव. ईशान्येचा एकाच आमदाराचा, आणि तो खुला. तिथं पॅनेल नाही, राखीव नाही. ज्याला जास्त मतं तो आमदार. मतही सगळ्यांना नव्हतं. थोडाफार कर भरणारा किंवा शिकलेला, एवढ्यांनाच. गरिबातला गरीब यादीबाहेरच.

जानेवारी 1937 च्या निवडणुकीत या खुल्या जागेवर काँग्रेसचे उमेदवार होते सरलकुमार दत्त. त्याच अश्विनीकुमारांचे पुतणे. घराणं मोठं, नाव मोठं, पक्ष मोठा. समोर अपक्ष म्हणून उभे राहिले जोगेंद्रनाथ मंडल. गौरनदी ठाण्यातल्या मैस्तरकांदी गावचे, 1904 चा जन्म, शेतकऱ्याचं पोर, नुकतीच वकिली सुरू केलेली. राखीव जागा शेजारी असताना हा माणूस खुल्या जागेवर उभा राहिला आणि जिंकला.

त्याच वर्षी त्याच जिल्ह्यात पटुआखालीच्या मुसलमान जागेवर फजलुल हक यांनी ख्वाजा नाझिमुद्दीन यांना पाडलं. एकीकडं नबाब घराण्याचा माणूस पडला, दुसरीकडं दत्त घराण्याचा. कसणारा माणूस मत टाकायला लागला की काय होतं ते बाकरगंजनं एकाच निवडणुकीत दोनदा दाखवलं.

पण इथं थांबून विचार करा. खुल्या जागेवर नुसत्या नमोशूद्रांच्या मतांवर जिंकता येत नव्हतं. काही सवर्ण मतंही मंडलांना पडली. म्हणजे संयुक्त मतदार म्हणजे नेहमी हारच, असं नाही. आपली यादीतली संख्या, बांधलेलं संघटन आणि समोरच्याची फूट ही तीन एकत्र आली तर दत्तही पडतात. मात्र असा जोग रोज येत नाही. आणि येत नाही म्हणूनच बाबासाहेब स्वतंत्र मतदारसंघ मागत होते.

पुढं मंडल सुभाषबाबू आणि शरदचंद्र बोस यांच्या जवळ गेले, मग दूर झाले. 1943 मध्ये नाझिमुद्दीन मंत्रिमंडळात मंत्री झाले. त्याच वर्षी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची बंगाल शाखा उभी केली. 1946 ची निवडणूक त्यांनी शेजारच्या नैर्ऋत्य मतदारसंघाच्या राखीव जागेवरून जिंकली. ती निवडणूक फेडरेशनला भुईसपाट करून गेली. बंगालमध्ये 30 राखीव जागांपैकी फेडरेशनची एकच आली, ती मंडलांची. मुंबई विधानसभेत तर फेडरेशनचा एकही आमदार नाही.

आणि घटना समितीचे सभासद निवडायचे होते ते याच विधानसभांनी. मुंबईत बाबासाहेबांना मत द्यायला कुणी उरलं नव्हतं. तेव्हा जुलै 1946 मध्ये मंडलांनी बंगालमधून त्यांचं नाव लावलं. आमदार आमदार गाठले. काँग्रेसच्या तिकिटावर आलेल्या काही दलित आमदारांनीही पक्षाचा हुकूम बाजूला ठेवून मत दिलं. बाबासाहेब निवडून आले. दहा वर्षांपूर्वी त्या होडीच्या मुलखात पेरलेलं बी असं उगवलं.

1947 ला फाळणी झाली. बाकरगंज पाकिस्तानात गेला, मतदारसंघ मोडला, आणि बाबासाहेबांची बंगालची जागाही गेली. मग त्याच जुलैत ते मुंबईतून निवडून आले, कारण तोवर काँग्रेसलाच त्यांची गरज कळली होती. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. दलित आणि मुसलमान दोघंही कसणारे, दोघंही दबलेले, त्यांचं जमेल हा त्यांचा हिशोब. तो चुकला. 1950 च्या फेब्रुवारीत बारिसालमध्येही दंगली पेटल्या, आपली माणसं कापली गेली. ऑक्टोबर 1950 मध्ये मंडलांनी राजीनामा दिला आणि ते कलकत्त्याला आले. 1968 मध्ये वारले. इकडं त्यांना कुणी पुन्हा निवडून दिलं नाही. तिकडच्यांनी गद्दार म्हटलं, इकडच्यांनीही. त्यांची चूक झाकू नका. पण चूक सांगताना 1946 चं ऋण गिळू नका.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. 1954 च्या पूर्व बंगाल निवडणुकीत 309 जागा होत्या, त्यांत अनुसूचित जातींना स्त्रियांच्या दोन धरून 38, आणि मतदार स्वतंत्र. पुण्यात 1932 ला जे बाबासाहेबांच्या हातून काढून घेतलं ते तिथं मिळालं. पण कधी? माणसं गाठोडी बांधून सीमेकडं निघाली तेव्हा. जीव सुरक्षित नसला तर मतपेटी एकटी काय करणार?

त्या गाठोडीवाल्यांतले काही दंडकारण्यात पाठवले गेले, काही आपल्या गडचिरोलीत, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात. मुलचेरा-चामोर्शीकडं जा, बंगाली बोलणारी गावं दिसतील. त्यांत नमोशूद्र पुष्कळ. बंगालमध्ये ही जात अनुसूचित. महाराष्ट्राच्या यादीत नाव यावं म्हणून या लोकांना वर्षानुवर्षं अर्ज करत फिरावं लागलं. ज्या समाजाच्या मतांनी बाबासाहेबांना घटना समितीत जायची वाट करून दिली, त्याच समाजाला त्याच घटनेच्या दारात कागद घेऊन उभं राहावं लागलं.

आपण त्यांच्याकडं किती वेळा गेलो? जयंतीला त्यांना बोलावलं का? पुढच्या शिबिराला गडचिरोलीची गाडी धरा. जाताना भाषण नेऊ नका, वही न्या. म्हाताऱ्या माणसांपाशी बसा, त्यांच्या आजाचं गाव विचारा, मत होतं का विचारा. बाकरगंजचा उरलेला इतिहास आता तिथंच आहे, आणि तो लिहून घ्यायला फार दिवस उरलेले नाहीत.